रिकाम्या लिफ्टमध्ये जागा नाही

८ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

कोपरापासून नमस्कार.

तू फोन उचलत नाहीस, आणि उचललास तर "पत्र लिही, फोनवर माणसं नुसती हो-हो करतात" असं म्हणून ठेवून देतेस. म्हणून हे पत्र.

बातमी अशी की मला नोकरी लागली. लागली म्हणजे पुरती लागली असं म्हणवत नाही. प्रोबेशन आहे, त्यामुळे सध्या नुसती चिकटली आहे म्हण. एप्रिलच्या शेवटच्या दिवशी आमच्या प्रमुखबाई ठरवणार, मला कायम करायचं की नारळ द्यायचा.

कंपनी लिफ्टचं सॉफ्टवेअर बनवते. लिफ्टची पेटी आणि दोर दुसरे लोक करतात, आम्ही तिचं डोकं करतो. आधी कुठल्या मजल्यावर जायचं, दार किती वेळ उघडं ठेवायचं, आत माणसं जास्त झाली तर काय करायचं, हे सगळं तिला लिहून द्यावं लागतं.

"भाषाशास्त्र शिकलेल्या बाईला लिफ्टवाल्यांनी घेतलं तरी कसं?" हे तू विचारणार. मीही स्वतःला रोज विचारते. अर्धं आयुष्य मी एका डोंगरावर चार म्हातारे जी भाषा बोलतात तिचं व्याकरण लिहिण्यात घालवलं. संस्थाच बंद पडली, मग मी संध्याकाळच्या वर्गात जाऊन प्रोग्रॅमिंग शिकले. मुलाखतीत प्रमुखबाईंनी विचारलं, "लिफ्टबद्दल काय माहिती आहे तुम्हाला?" मी म्हटलं, "ती वर जाते असं लोक म्हणतात. माझं स्वतःचं निरीक्षण अजून पुरेसं नाही." त्यांनी माझा अर्ज मिटून बाजूला ठेवला. मग म्हणाल्या, "आमच्याकडे सगळ्यांना सगळं माहीत आहे. माहीत नाही म्हणणारा एक तरी माणूस हवा."

इथे एक रिवाज आहे. एकाने लिहिलेला कोड दुसऱ्याने तपासायचा. त्याला रिव्ह्यू म्हणतात. तपासणाऱ्याने "मंजूर" म्हटलं की तो कोड आमच्याच इमारतीतल्या लिफ्टमध्ये घालायचा, आणि लिहिणाऱ्याने व तपासणाऱ्याने तिच्यातून सगळ्यांत आधी जायचं. जगाचं नंतर. मला हे फार न्याय्य वाटतं. थोडी भीतीही वाटते.

आत्या, मला इथे कायम व्हायचं आहे. हे सरळ लिहिते, कारण नंतर मीच म्हणेन की मला कुठे एवढं वाटत होतं. माझा व्याकरणाचा प्रबंध तिघांनी वाचला, त्यांतली एक मी. इथे मी लिहिलेलं लिफ्ट ऐकते. या वयात कुणीतरी ऐकतंय ही भावना सोडवत नाही गं.

तुझी गाडी कशी आहे? डावीकडे वळताना अजून आपोआप हॉर्न वाजतो का?

तुझी,
गोगलगाय


१५ फेब्रुवारी

गोगलगायीस आशीर्वाद.

पत्र मिळालं. एवढ्याशा बातमीला तू किती पानं घेतलीस! "नोकरी लागली, टिकेल की नाही ठाऊक नाही" एवढ्यात काम झालं असतं. लहानपणीही तुला "जेवलीस का?" विचारलं की तू आधी "जेवण कशाला म्हणायचं त्यावर आहे" म्हणायचीस. तेव्हाच मी तुझं नाव गोगलगाय ठेवलं, आणि ते बारशाच्या नावापेक्षा जास्त टिकलं.

नोकरी चांगली आहे. ते रिव्ह्यू का काय म्हणतेस, ते तर आपल्या घरातलंच काम. मी जन्मभर दुसरं काय केलं? लोक गाडी चालवायचे, मी शेजारी बसून बघायचे आणि परवाना द्यायचा की नाही ठरवायचे. माझ्याही परीक्षेत परीक्षकाला त्याच गाडीत बसावं लागे. म्हणून सांगते, तपासताना मन लावून तपास. आपला जीव आत असतो.

आमच्या इमारतीत एक शेजारीण आहे. माझ्याच वयाची. परवा गाडी मागे घेताना तिने फाटकाचा खांब घासला. खांब किंचित तिरका झाला आहे. आता तिच्या परवान्याचं नूतनीकरण आलंय, पुन्हा परीक्षा द्यायची आहे. उगाच आठवलं म्हणून लिहिलं.

माझी गाडी ठणठणीत आहे. तू तुझं बघ.

तुझी आत्या


२ मार्च

प्रिय आत्या,

मला सांगायला संकोच वाटतो, पण इथे मी लोकप्रिय झाले आहे. यापूर्वी असं कधी झालेलं नाही, त्यामुळे हीच ती भावना का, याची खात्री नाही.

आमच्या टीममध्ये मी धरून तिघं. एक तरुण मुलगी आहे, तिला सगळे वादळ म्हणतात. ती टाईप करायला लागली की टेबलावरचा पाण्याचा ग्लास सरकत सरकत कडेला येतो. दुसरे एक जुने गृहस्थ, त्यांचं नाव उसासा. ते प्रत्येक वाक्याआधी एक उसासा टाकतात, लांब असेल तर वाक्य वाईट असतं. दोघांचाही कोड मी तपासते.

उसासांच्या कोडवर मी लिहिलं, "हे लेखक प्रत्येक गोष्ट दोनदा विचारतात. दार बंद झालं का? खरंच झालं का? अविश्वास हा या बोलीचा कणा आहे. मंजूर." त्यांनी ते वाचलं, आखूड उसासा टाकला आणि म्हणाले, "बायकोही हेच म्हणते. पण तिने मंजूर कधी म्हटलं नाही."

वादळच्या कोडवर लिहिलं, "या लेखिकेच्या बोलीत विराम नाहीत. मंजूर." तिने ते छापून स्वतःच्या टेबलावर चिकटवलं आहे. शेजारच्या टीमचे लोकसुद्धा आता आपला कोड माझ्याकडेच यावा म्हणून चहा आणून देतात.

त्यांना वाटतं मी मोठ्या मनाची आहे. खरं म्हणजे माझं शिक्षणच असं झालं आहे. डोंगरावरची म्हातारी जे बोलायची ते मी लिहून घ्यायचे. ती भाषा तिची, मी कोण तिला चूक म्हणणार? बोलणारा कधी चुकत नाही, आपलंच ऐकणं अपुरं असतं, हे आमच्या शास्त्राचं पहिलं सूत्र. ते रक्तात भिनलं आहे.

तुझ्या शेजारणीचंही तसंच असेल. खांबाला स्पर्श करून अंतर मोजण्याची तिची पद्धत असेल. मी तिच्याबद्दल मत देणं बरोबर नाही. खांबाचं काय म्हणणं आहे?

तुझी,
गोगलगाय


९ मार्च

गोगलगायीस,

आशीर्वाद देते, पण निम्मा हातचा राखून.

सगळ्यांना पास करणाऱ्या परीक्षकाला लोक चहा आणून देतातच. मला माझ्या अख्ख्या नोकरीत कुणी चहा विचारला नाही, आणि तो माझा सर्वांत मोठा सन्मान होता. तुझ्या बापाला मी चारदा नापास केलं, आपल्या सख्ख्या भावाला. तिसऱ्या खेपेनंतर त्याने माझ्याशी अबोला धरला. आई म्हणाली, "अगं, घरचा आहे, दे की सोडून." मी म्हटलं, "घरचा आहे म्हणूनच." पाचव्यांदा पास झाला, आणि पुढे जन्मभर इतकी जपून गाडी चालवली की तुला शाळेत सोडायला निघाला की वाटेत तुझा गृहपाठ पुरा व्हायचा. पण तू शाळेत पोचायचीस, हे लक्षात घे.

डोंगरावरच्या तुझ्या म्हातारीच्या वाक्यात कुणी माणूस बसून पाचव्या मजल्यावर जात नव्हता. लिफ्टमध्ये जातो. हा फरक तुला कळत नसेल तर तू शिकलीस कशाला एवढी?

आणि हे बघ, खांबाचं म्हणणं तिरकं होणं हेच असतं. शेजारणीची मान आता उजवीकडे पुरती वळत नाही. आरशात बघायचा तिला कंटाळा. मागे किती जागा आहे ते ती आवाजावरून ओळखते. म्हणजे आवाज झाला की जागा संपली. मी तुला मत विचारलं होतं. तू मला व्याख्यान दिलंस.

तुझी आत्या


२४ मार्च

प्रिय आत्या,

हे पत्र तू उभ्याने वाचू नकोस.

वादळने नवीन कोड लिहिला. आत किती माणसं आहेत ते लिफ्टने दारातून जाणाऱ्यांवरून मोजायचं, आणि जास्त झाली की दारावर लाल अक्षरांत "जागा नाही" दाखवून थांबायचं. मी तपासला. मंजूर केला. रिवाजाप्रमाणे वादळ आणि मी आधी बसलो. दोघी होतो, लिफ्टने दोन मोजले. पाचव्या मजल्यावर उतरलो, टाळ्या झाल्या.

लिफ्ट आत येणाऱ्यांना मोजत होती. बाहेर जाणाऱ्यांना मात्र नाही. आम्ही उतरून टेबलावर बसलो तरी तिच्या मते आम्ही आतच होतो. मग पहाऱ्यावरचा माणूस वर आला, तोही आतच राहिला. सफाईवाल्या बाई दोनदा आल्या, त्या दोन झाल्या. दुपार व्हायच्या आत रिकामी लिफ्ट उघड्या दाराने तळमजल्यावर उभी राहिली आणि लाल अक्षरांत म्हणू लागली, "जागा नाही."

नेमके त्याच वेळी एक मोठे गिऱ्हाईक आले. शहराबाहेर ते उंचच उंच इमारत बांधताहेत. ते एकटेच लिफ्टपाशी आले. पहाऱ्यावरचा माणूस सांगतो, "त्यांनी आधी आत बघितलं, मग मागे बघितलं, मग वर बघितलं, मग स्वतःच्या पोटाकडे बघितलं." मग जिना चढून आले. वर पोचल्यावर त्यांना हो म्हणायलाही दम नव्हता आणि नाही म्हणायलाही नव्हता. प्रमुखबाईंनी पाणी दिलं. ते म्हणाले, "मी... महिनाभर... कमीच... जेवतोय हो."

ते गेल्यावर बाईंनी मला बोलावलं.

"हे तुम्हाला दिसलं नव्हतं?"

"दिसलं होतं."

"मग?"

"लिहिलंय की मी."

त्यांनी माझा शेरा काढून मोठ्याने वाचला. "या बोलीत येणं आहे, जाणं नाही. अत्यंत दुर्मीळ. जतन करावी. मंजूर."

उसासांनी एवढा लांब उसासा टाकला की खिडकीतला कागद हलला.

"जतन करावी?" बाई म्हणाल्या. "अहो, चूक दिसत नसेल तर शिकवता येतं. तुम्हाला दिसते, आणि तुम्ही तिला बसायला पाट देता! याला काय औषध?"

मी म्हटलं, मी विचार करून सांगते. त्या म्हणाल्या, नको, विचार करू नका. पुढचा कोड त्या स्वतः लिहिणार आहेत, कित्येक वर्षांनी. तपासणार मी एकटी. आणि त्यावर माझं ठरणार.

आत्या, घरी आल्यापासून मी स्वतःला तपासते आहे. चूक म्हणायचं नाही हे माझं तत्त्व, असं मी समजत होते. पण तत्त्वाच्या पांघरुणाखाली साधी भीती तर झोपलेली नाही? कुणाच्या तोंडावर नाही म्हटलं की त्याचा चेहरा पडतो, तो मला बघवत नाही. तो बघावा लागू नये म्हणून मी शास्त्र शिकले की काय? का हेही मी उगाच लावून घेते आहे? वादळ तर म्हणाली, "मला सांगायचंत ना, मी एका मिनिटात दुरुस्त केलं असतं." तिचा चेहरा मुळीच पडला नाही. मला तेच जास्त लागलं.

नापास कसं म्हणतात?

तुझी,
गोगलगाय


३० मार्च

गोगलगायीस आशीर्वाद, या वेळी पूर्ण.

हसू नये, पण हसले. "बसायला पाट" हे बाईंनी झकास म्हटलं. मला बाई आवडल्या.

आता ऐक. आधी गाडी पूर्ण थांबू द्यायची. इंजिन बंद करायला लावायचं. मग किल्ली काढून आपल्या हातात घ्यायची, कारण माणूस नाराज असताना त्याच्या हाती किल्ली नको. मग "नापास" हा शब्द आधी म्हणायचा, आणि कारण मागून. हे उलटं केलंस तर मेलीस. कारण आधी सांगितलं की माणूस कारणाशी भांडत बसतो आणि नापास राहून जातं. आणि "थोडं", "जरासं", "माझ्या मते", "कदाचित" हे शब्द गाडीबाहेर ठेवायचे. तुझ्याकडे ते पोत्याने आहेत, आधी रिकामी हो.

आणि चेहऱ्याचं म्हणशील तर, पडतो. मग पुन्हा वर येतो. तेवढा वेळ आपण रस्त्याकडे बघायचं.

शेजारणीची परीक्षा झाली. परीक्षक माझ्याच हाताखाली तयार झालेला, आता त्याचे केस पांढरे झालेत. तिने डावीकडे वळताना हॉर्न वाजवत वाजवत एक खुणेचा शंकू उडवला. त्याने स्वतः खाली उतरून तो उभा केला आणि म्हणाला, "वाऱ्याने पडला असेल." त्या दिवशी वारा नव्हता. झाडाचं पान हलत नव्हतं. आणि दिलं पास करून! असल्या भिडस्ताला मी शिकवलं?

तिला आनंद व्हायला हवा होता. पण परवाना खणात टाकून ती नुसती बसून राहते. तो तिचा मान ठेवत होता की तिला म्हातारी समजत होता, हे तिला कळत नाही. कुणालाच विचारता येत नाही.

असो. तुझ्या निकालाच्या दिवशी मी येणार. स्वतः गाडी घेऊन. डोंगरातून रस्ता आहे, वळणं बहुतेक डावीकडेच आहेत. परवाना आहेच.

तुझी आत्या


६ एप्रिल

प्रिय आत्या,

तू नापास.

कारणं आता सांगते. डावीकडे वळताना हॉर्न वाजणाऱ्या दोन गाड्या एकाच इमारतीत असणं मला अशक्य वाटतं. तुझ्या हाताखाली तयार झालेला परीक्षक तुझ्या शेजारणीला एवढा का वचकेल? आणि शेजारणीच्या खणात काय आहे आणि ती कशी बसून राहते, हे तुला कसं कळतं? तुझ्या शेजारी तर दाताचे डॉक्टर राहतात.

तुझी मान वळत नाही. तू आवाजावरून जागा ओळखतेस. आधी खांब झाला, मग शंकू. तो नुसता शंकू नव्हता गं, तो रस्त्यावरचा माणूस आहे असं समजण्यासाठीच तिथे ठेवतात, हे तूच मला सांगितलं होतंस.

तू गाडी चालवायची नाहीस. डोंगरातून तर नाहीच. तीस तारखेला बसने ये.

हे पत्र मी किती वेळा फाडलं ते सांगत नाही. पहिल्या मसुद्यात "कदाचित" एवढे होते की वाक्य सापडेना. शेवटी तू सांगितलंस तसं केलं. इथे किल्ली माझ्या हातात नाही, हीच एक अडचण. तुझा चेहरा पडत असेल, आणि तो वर यायला किती दिवस लागतील ते मला माहीत नाही. मी रस्त्याकडे बघते आहे.

तुझीच,
गोगलगाय


१८ एप्रिल

प्रिय आत्या,

तुझं उत्तर नाही. टपालवाला दिसला की मी खाली जाते, तो मला बघून आता लांबूनच मान हलवतो. मी लिहिलं ते बरोबर होतं असं रोज सकाळी वाटतं आणि रोज संध्याकाळी वाटत नाही. तरी पत्र परत मागत नाही.

इकडे काल प्रमुखबाईंचा कोड आला. इतका स्वच्छ, इतका नेटका की जुन्या सवयीने माझा हात "मंजूर"कडे गेलाच होता. पण मी तो पुन्हा वाचला. यांची लिफ्ट कुणीही हाक मारली की ओ देते. तिसऱ्या मजल्यावरून हाक आली, निघाली. वाटेत चौथ्यावरून आली, वळली. तेवढ्यात तिसऱ्यावरच्याने पुन्हा बटण दाबलं, परत वळली. कुणाचंच मन मोडवत नाही तिला, त्यामुळे ती कुणापर्यंतच पोचत नाही. मला ती फार ओळखीची वाटली. जराशी लाजसुद्धा वाटली.

मी शेरा लिहिला. पहिला शब्द "नापास". मग कारण. वादळने टाईप करणं सोडलं, तिचा ग्लाससुद्धा जागेवर थांबला.

"माझा कोड?" बाई म्हणाल्या. "अहो, ही कंपनी उभी राहिली तेव्हा मी हेच लिहीत होते. बसूनच बघते मी!" मी म्हटलं, नामंजूर कोडमध्ये बसायचा रिवाज नाही. त्या म्हणाल्या, "रिवाज मी घातलाय," आणि बसल्या.

मी वादळला तिसऱ्या मजल्यावर उभं केलं आणि उसासांना चौथ्यावर. दोघांना सांगितलं, बटण दाबत राहा. आत्या, ती लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये वर-खाली करत राहिली, पाळण्यात घातल्यासारखी. वर जाताना बाईंचा आवाज मोठा व्हायचा, खाली जाताना बारीक. जिन्यात लिफ्टच्या आतल्या फोनची जोडणी आहे, तिथे मी कान लावून बसले.

"चूक आहे!" त्या म्हणाल्या. "कबूल! थांबवा!"

"हो बाई, थांबवतोच आहोत."

"कायम केलं तुम्हाला! ऐकलंत? कायम! काढा मला!"

मला खूप आनंद झाला. पण लगेच शंका आली. मी म्हटलं, "बाई, अडकलेल्या माणसाची संमती खरी धरता येत नाही. बाहेर आल्यावर शांतपणे विचार करा आणि मग सांगा. मला घाई नाही."

आतून पुढे जे आलं ते मी भाषेची अभ्यासक म्हणून शब्दशः लिहून ठेवलं आहे, पण तुला पाठवत नाही.

बाहेर आल्यावर त्या जिन्याच्या पायरीवर बसल्या, चष्मा पुसला. मी विचारलं, चूक तुम्ही मुद्दाम ठेवली होती का, मला जोखायला? "मुद्दाम ठेवली असती तर आत बसले असते का मी?" मग म्हणाल्या, "बाहेर आलेय. शांत आहे. अजून तेच म्हणते. पत्र तीस तारखेला हातात देईन."

म्हणजे झालं, आत्या. मी कायम. आणि ही बातमी सांगायला मला पहिल्यांदा ज्या माणसाकडे धावायचं आहे त्यालाच मी नापास करून बसले आहे.

तुझी,
गोगलगाय

ता. क. बाईंची चूक आता वादळ दुरुस्त करते आहे. नवा कोड तीस तारखेला लिफ्टमध्ये घालायचं चाललं आहे. तो माझ्याकडे तपासायला अजून आलेला नाही.


२४ एप्रिल

परीक्षकबाईंना,

लगेच उत्तर दिलं नाही, कारण फुगले होते. एवढं सरळ आहे.

पत्र आलं त्या दिवशी ते मी चुलीत घालणार होते, पण घरात गॅस आहे. दुसऱ्या दिवशी तुझ्या एकेका मुद्द्याला उत्तर लिहायला बसले. शंकूच्या मुद्द्यापाशी आले आणि पुढे लेखणी चालेना. दाताच्या डॉक्टरांकडे जाऊन विचारलं, "माझी गाडी रस्त्यावर आली की तुम्ही काय करता?" ते म्हणाले, "आजी, खरं सांगू? फाटकाच्या आत थांबतो." मला आजी म्हणाला! पण थांबतो म्हणाला तेही ऐकलं मी.

मग परवाना घेतला, ऑफिसात गेले, माझ्या त्या पांढऱ्या केसांच्या शिष्याच्या टेबलावर ठेवला आणि म्हटलं, "तू नापास." तो घाबरून उभाच राहिला. मग डोळे पुसायला लागला. म्हणाला, "बाई, तुम्हाला कसं सांगणार होतो मी?" मी म्हटलं, "माझ्या भाचीने सांगितलं की. आणि ती तर गोगलगाय आहे." मग आम्ही चहा घेतला. आयुष्यात पहिल्यांदा त्या ऑफिसात मला कुणीतरी चहा विचारला, तेव्हा समजले की आपलं संपलं.

गोगलगाय आणि पोटात पाय म्हणतात ते खोटं नाही. तुझ्या पोटात पाय आहेत हे मला ठाऊकच नव्हतं. खाली टेकवलेस एकदाचे. बरं केलंस.

सोबत किल्ली पाठवते. किल्ली कुणाच्या हातात असावी, ते मीच तुला शिकवलं होतं. गाडी तुझी. शिकून घे. चारदा नापास झालीस तर बापाचं नाव राखलंस असं समजेन, पहिल्याच फटक्यात पास झालीस तर परीक्षकाला येऊन भेटेन.

तीस तारखेला बसने येते. बसवाल्याची परीक्षा वाटेत घेईन, त्याला सांगणार नाही. तुझ्या बाईंना भेटायचं आहे, आणि ती दुरुस्त केलेली लिफ्टही बघायची आहे. आता एकच प्रश्न. तुमचं ऑफिस पाचव्या मजल्यावर, आणि माझे गुडघे तुला ठाऊक आहेत. लिफ्टने वर येऊ की जिन्याने?

भीड ठेवून उत्तर देऊ नकोस.

तुझी नापास आत्या


२८ एप्रिल

प्रिय आत्या,

जिन्याने.

कोड काल आला. मी तपासला. कारण भेटीत सांगते.

मी खाली दारात थांबेन. प्रत्येक मजल्यावर एक खुर्ची ठेवायला उसासांना सांगितलं आहे. ते उसासा न टाकता हो म्हणाले. बाई म्हणतात, आत्याबाई वर येईपर्यंत पत्र देणार नाही. तेव्हा घाई करू नकोस. आपण हळूहळू चढू. तेवढं एक मला नीट येतं.

तुझी,
गोगलगाय